दशरथ तांडेलची घंटा

गुणवंत रेडकरांच्या घरात दोन महायुद्धं सुखानं नांदत होती आणि दोन्ही झाडूनपुसून ठेवायचं काम वासंतीबाईंकडे होतं. भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावरचं वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या आजूबाजूला पहिलं महायुद्ध, स्वयंपाकघराच्या माळ्यावर दुसरं. सैनिकाचा पोचे पडलेला लोखंडी टोप, एका जहाजावरून दुसऱ्याला खुणा करायचा दिवा, पितळी दुर्बीण, खलाशांचे जेवणाचे डबे आणि एक होकायंत्र. होकायंत्राच्या शेजारी लोखंडी कपाट असल्यामुळे त्याची उत्तर दिशा कायम कपाटाकडे असायची. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची एक कॅनव्हासची पिशवी होती. तिच्यात वासंतीबाईंनी एकदा लसूण ठेवला, तर गुणवंतराव दोन दिवस बोलले नव्हते.

"आता एक पाणबुडी तेवढी राहिलीय," वासंतीबाई म्हणायच्या. "ती आणा, मी गॅलरीत झोपेन."

गुणवंतराव एका जहाज कंपनीत कारकून होते. तीस वर्षं कागदावरची जहाजं सांभाळली आणि दर शनिवारी अर्ध्या दिवसानंतर दारूखान्यातल्या जहाजांच्या भंगारात नाहीतर चोरबाजारात फेरी मारली. दोन हजार एक साली व्हीआरएस घेतली, तेव्हा लोकांनी विचारलं, आता वेळ कसा घालवणार? वासंतीबाई हसल्या होत्या.

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक रीत आहे. जी वस्तू घ्यायची तिला आधी नावं ठेवायची. दांडी बदललेली आहे, काच नवी आहे, मालच डुप्लिकेट आहे. विकणाऱ्याचं तोंड उतरलं की भाव उतरतो. गुणवंतरावांनी हे कधी केलं नव्हतं. वस्तू खरी असेल तर खरी म्हणायचं, परवडली नाही तर हात जोडून परत फिरायचं. म्हणून तर चोरबाजारातले दुकानदारसुद्धा शंका आली की त्यांनाच विचारायचे. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

मग त्यांना उत्तनच्या कोळीवाड्यात एक घंटा दिसली.

सत्यवतीमावशी म्हणजे कधीच वारलेल्या दशरथ तांडेलची बायको, वय सत्त्याहत्तर. मुलगा राघो, त्याची बोट, बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या वलांडीमागे त्यांचं घर, आणि घराच्या दारात टांगलेली कलशाएवढी पितळी घंटा. गुणवंतराव सुके बोंबील घ्यायला गेले होते. ते घेतलेच नाहीत. घंटेच्या आतल्या कडेला बोटभर लांबीचा बाण कोरलेला त्यांनी पाहिला आणि खिशातला चष्मा काढून पुन्हा पाहिला. इंग्रज सरकारच्या मालावर उठवायची ती खूण. ही लढाईतल्या बोटीची घंटा होती.

"राघोचा बापूस त्या बोटीवर व्हता," मावशीनं सांगितलं. "जर्मनांनी का जपान्यांनी पान्यात सुरुंग टाकलं, ते काढाया. तीन वर्सं. लढाई सरली, बोट तोडाया काढली, तवा सायबानं इचारलं, काय पायजे? कोनी दोर नेला, कोनी कापड. यानं घंटा मांगली. मी नवी नवरी, मना वाटलं लुगडं घेऊन येल."

बोटीचं नाव मात्र घंटेवर उरलं नव्हतं. पन्नासपंचावन्न वर्षं मावशीनं ती चिंचेनं घासली होती. नाव गेलं आणि लकाकी आली. गुणवंतरावांना भडभडून आलं, पण नवऱ्याची आठवण घासणाऱ्या बाईला काय बोलणार?

"मावशी, ही मला द्याल?"

"न्हाय," मावशी म्हणाली. "भाकर खा."

तेव्हापासून हा रविवारचा नेम झाला. स्टेशनावरून उत्तनची बस पकडायची, दारात बसायचं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायची, निघताना घंटा मागायची आणि "न्हाय" ऐकून घरी यायचं. असं तीन वर्षं चाललं. मधल्या काळात त्यांनी मावशीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं, राघोच्या बोटीच्या लायसनचे कागद भरून दिले, आणि मावशीनं वासंतीबाईंसाठी दर पंधरा दिवसांनी जवळा पाठवला. घंटेकडे ते फार वेळ बघत राहिले की मावशी म्हणायची, "तिकडं नको बघू, भाकरीकडं बघ."

दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते पोहोचले, तर दारात आधीच एक गाडी उभी होती. मितेश आला होता. काशीमीऱ्याला त्याचं मोठं गोडाऊन, हॉटेलांना जुन्या वस्तू पुरवायचा धंदा. हायवेवर कुणीतरी जहाजासारखं हॉटेल काढत होतं आणि दारात टांगायला त्याला खरी घंटा हवी होती. राघोला घरावर स्लॅब टाकायचा होता. तो आईची समजूत घालत होता आणि मावशी घंटेखाली पाटावर गप्प बसली होती. तिच्या गप्प बसण्यात पहिल्यांदाच 'न्हाय' नव्हतं. आळीतली आठदहा माणसं बघायला जमली होती.

"अरे, गुणवंतकाका!" मितेशला आनंद झाला. "बरोबर टायमाला आले. काका, हे तर बोलतात वॉरची आहे. पण नाव बिलकुल नाय. तुम्ही बोलाल ते फायनल. ओरिजिनल आहे ना?"

सगळे गुणवंतरावांकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांपुढे हायवेवरचं ते हॉटेल आलं, घंटेला लटकून फोटो काढणारी गिऱ्हाइकं आली, आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या आधी त्यांचा स्वतःचा माळा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी मधोमध एक जागा त्यांनी तीन वर्षं मोकळी ठेवली होती.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"डुप्लिकेट आहे," ते म्हणाले. "अशा चोरबाजारात डझनानं मिळतात."

मितेशनं एक उसासा टाकला, मावशीला नमस्कार केला आणि गाडी वळवली. राघो खाली मान घालून जाळ्यांकडे गेला. आळीतली माणसं पांगली. जाता जाता कुणीतरी हसलंही. गुणवंतरावांना तेव्हा आपण घंटा वाचवली एवढंच वाटत होतं. मावशीच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलाच प्रकार.

पुढच्या रविवारी दारात नुसता हूक होता. मावशी आत होती. तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक जड बोचकं त्यांच्यापुढे सरकवलं.

"ने."

"काय हे?"

"घंटा. तुला पायजे व्हती ना? खोटीच हाय, ने."

गुणवंतरावांनी बोचकं दोन्ही हातांनी धरलं. आधी आनंदानं, ते कशाला लपवा.

"मावशी, पण..."

"त्यानं मना गंडवलं," मावशी म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "बाजारातून घेतली आसंल धा रुपयाला. न्हायतर बोटीवर गेलाच नसंल, कुठं हमाली करत व्हता, कोनाला ठावं! मी समद्यांना सांगत बसली, माझ्या घोवानं लढाई केली, सायबानं मान दिला. नातवांना सांगितलं. आता आळीतली पोरं 'डुप्लिकेट आजी' बोलतात मना. बोलू दे. पन त्यानं मना तरी खरं सांगाया पायजे व्हतं."

भिंतीवर दशरथ तांडेलचा फोटो होता. त्याच्यापुढे रोज असायचं ते फूल आज नव्हतं.

त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. गुणवंतरावांनाही ते कळत होतं. पण तीन वर्षं ज्या वस्तूसाठी हेलपाटे घातले ती मांडीवर आली होती, आणि माणूस अखेर माणूस असतो. पडत्या फळाची आज्ञा मानून ते बोचकं उचलून बसमध्ये जाऊन बसले. भाकरी खायचं मावशीनं म्हटलं नाही आणि त्यांनाही ते आठवलं नाही.

घरी त्यांनी घंटा माळ्यावर, त्या मोकळ्या जागेत ठेवली. शिडीवरून उतरले, खालून बघितली, पुन्हा चढले, जरा डावीकडे सरकवली. वासंतीबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"दिली शेवटी? कितीला?"

"फुकट."

"फुकट? का?"

वासंतीबाईंना खोटं सांगायची त्यांची हिंमत चौतीस वर्षांत झाली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. वासंतीबाईंनी निवडलेली कोथिंबीर बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "त्या पसाऱ्यावरून मी तुम्हाला इतकी वर्षं बोलते. पण चारचौघांत कायम सांगते, आमच्या ह्यांच्या घरात खोटी वस्तू नाही."

"घंटा खरीच आहे गं."

"घंटा खरी आहे. तुम्ही जिवंत आहात, तुम्ही कधीही सांगू शकता. तो बिचारा मेलेला माणूस. त्याला खोटारडा ठरवलंत, तो काय उठून सांगायला येणार आहे?"

गुणवंतराव शिडीच्या पायरीवरच बसले. रात्रीचं पिठलं त्यांना गोड लागलं नाही.

सकाळी ते घंटा घेऊन निघाले, तर वासंतीबाई पायात चपला घालून तयार. "मी येते. मध्येच कुठं उतरून जाल, तुमचा भरवसा नाही."

मावशी दारात बोंबील उलटत होती. सोमवारी हा माणूस कसा, म्हणून बघतच राहिली. गुणवंतरावांनी बोचकं सोडलं, घंटा आडवी केली आणि मावशीचा हात धरून तिचं बोट आतल्या कडेवर ठेवलं.

"काय लागतंय?"

"चरा हाय तो. घासताना रोज लागतो."

"चरा नाही, मावशी. बाण आहे. सरकारी खूण. ही बाजारातली घंटा नाही. लढाईतल्या बोटीचीच आहे. मी पहिल्या दिवशीच ओळखली होती." त्यांनी मावशीचा हात सोडला. "त्या दिवशी मी खोटं बोललो. मितेशनं नेऊ नये म्हणून. आणि मला मिळावी म्हणून."

मावशीचं बोट बाणावरून दोनतीनदा फिरलं.

"म्हंजी त्यानं सांगितलं ते खरं?"

"शब्द न् शब्द खरा."

"बोट खरी? सायेब खरा?"

"सगळं खरं. खोटा मी एकटा."

मावशीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली, चांगली हुंदके देऊन. वासंतीबाई तिच्या शेजारी बसल्या. गुणवंतरावांना कुठं बघावं कळेना. डोळे पुसून झाल्यावर मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की ती हाकलून देणार याची त्यांना खात्रीच पटली. हाकललं असतं तर ते गेलेही असते.

"राघो," तिनं हाक मारली, "घंटा टांग." आणि मग गुणवंतरावांना, "तू आत ये."

तिनं त्यांना फोटोसमोर उभं केलं.

"मना सांगून काय व्हतंय? ज्याला खोटा बोल्लास त्याला सांग."

गुणवंतरावांनी वासंतीबाईंकडे बघितलं. तिथून काही मदत येण्याची चिन्हं नव्हती. त्यांनी हात जोडले. "दशरथराव," ते पुटपुटले, "तुमची घंटा खरी आहे. मी लोभापायी खोटं बोललो. मला माफ करा."

"मोठ्यानं," मावशी म्हणाली. "त्याला आयकाया नव्हतं येत. सुरुंग फुटून फुटून कान गेल्तं त्याचं."

मग गुणवंतराव ओरडले. कचेरीत ज्यांनी कधी आवाज चढवला नाही ते गुणवंत रेडकर उत्तनच्या त्या घरात छाती फुगवून ओरडले, "दशरथराव, तुमची घंटा खरी आहे! मी खोटं बोललो!"

जाळी विणणारे हात थांबले. शेजारच्या बायका दारात आल्या, पोरं धावत आली, राघो हातोडी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मावशीनं सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि गुणवंतरावांना दंडाला धरून बाहेर घंटेखाली आणलं.

"आता पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "मागल्या आळीची आता आयलीत."

गुणवंतरावांनी घसा खाकरला आणि तिसऱ्यांदा सांगितलं, मागच्या आळीलाच काय, बंदरावरही ऐकू जाईल अशा आवाजात. घंटा खरी, दशरथ तांडेल खरा, खोटा मी. बोलता बोलता त्यांच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मावशी आत वळली, फोटोपुढे फूल ठेवलं आणि विचारलं, "आयकलंस नव्हं?"