बत्तीस जणी, दोन शेगड्या

लतिकाला रंजिताचा राग यायला काही कारण नव्हतं, हीच तर खरी पंचाईत होती. पोरगी गुणी, हसतमुख, डब्यातला बांगडा न मागता पुढे करणारी. अशा माणसाचा मत्सर करायचा म्हणजे सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते. लतिकाने ती आठ महिने मन लावून केली.

परळच्या ऑफिसात दोघींची टेबलं समोरासमोर. लतिका सत्तेचाळीस वर्षांची, फणसवाडीतली. डेटा एन्ट्री करता करता व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकलेली. तीन वर्षं खपून तिने एक मॉडेल केलं होतं: माशाचा फोटो दाखवा, ते सांगणार मासा कुठला आणि ताजा आहे की नाही. मच्छीमारांच्या एका सोसायटीला ते हवं होतं. तेवढ्यात ही रंजिता आली, माहीम कोळीवाड्याची, सव्वीस वर्षांची. आई दादरला मासे विकणारी. तिने आईला शेजारी बसवून दोन हजार फोटोंवर ताजा-शिळा लिहून घेतलं आणि दुसरं मॉडेल उभं केलं. लतिका दादरच्याच मार्केटात वही घेऊन कल्ले बघत हिंडली होती, तेव्हा एका कोळणीने विचारलं होतं, "बाई, घेणार का नुसती तब्येत विचारणार?"

अचूकपणात दोन्ही मॉडेलं सारखीच निघाली. उरला वेग. लिलावात उत्तर पापणी लवायच्या आत यायला हवं. साहेब हितेंद्र शुक्रवारी एकच मॉडेल निवडणार होता. रंजिताचं उत्तर नव्वद मिलिसेकंदांत यायचं, लतिकाचं सातशेत.

"सातशे म्हणजे पाऊण सेकंदसुद्धा नाही," लतिका म्हणाली.

"तेवढ्यात टोपली उचलून नेतात हो ताई," रंजिता हसून म्हणाली. हसून म्हणाली म्हणून जास्त लागलं.

गुरुवारी लतिकाने मॉडेलमागे प्रोफायलर लावला. हे साधन घड्याळ घेऊन मागे मागे फिरतं आणि कुठल्या कामात किती वेळ गेला याची चहाडी करतं. चहाडी ऐकून ती उडालीच. मासा ओळखायला लागत होते जेमतेम सत्तर. बाकीचा वेळ नुसता वाट बघण्यात जात होता.

वाट कोणाची? डोकं धरून बसल्यावर चारच्या चहाला उजेड पडला. मॉडेल चालतं तो कंटेनर म्हणजे मोठ्या मशीनमधली एक बंद खोली. सोसायटीच्या सर्व्हरवर त्या खोलीला दोनच कोर, म्हणजे आकडेमोड करणारे दोनच भाग, मिळणार होते, म्हणून लतिकाने चाचणीही दोनच देऊन घेतली होती. पण आतल्या लायब्ररीला, म्हणजे आकडेमोडीच्या तयार कोडला, खोलीच्या भिंती दिसतच नव्हत्या. तिला दिसत होतं अख्खं बत्तीस कोरांचं मशीन, आणि त्या हिशेबाने ती एकेका फोटोवर बत्तीस थ्रेड, म्हणजे कामाचे बत्तीस धागे, एकदम कामाला लावत होती.

लतिकाला वाडीतली पूजा आठवली. शेगड्या दोन, रांधायला बत्तीस जणी. "तुमचं झालं का?" "जरा सरका हो!" "माझी आमटी आधी चढली होती!" आणि जेवणं चार वाजता. तिने एक ओळ लिहिली: थ्रेड दोनच. चौऱ्याहत्तर मिलिसेकंद.

तिथे थांबायला हरकत नव्हती. पण मत्सराचं असं असतं, आपलं ताट वाढलं तरी नजर शेजारच्या ताटात. तिने रंजिताच्या कंटेनरची सेटिंग उघडून बघितली. तिथे दोन कोरांची मर्यादा घालायचीच राहिली होती. पोरगी अख्ख्या मशीनवर मोकाट रांधून नव्वद आणत होती!

रंजिता समोरच बसली होती. सांगता आलं असतं. लतिकाने कॉम्प्युटर बंद केला, "येते गं" म्हणाली आणि वाटेत लालबागला उतरून अर्धा किलो चिवडा घेतला. तिखट.

शुक्रवारी सकाळी मीटिंगमध्ये ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, "दोघींना सारखंच मोजू या ना. दोन-दोन कोर."

लतिकाचं चौऱ्याहत्तर. रंजिताचं आठशे दहा.

रंजिताचे कान लाल झाले. "मर्यादा घालायची विसरले मी," ती पुटपुटली.

"मग ठरलं," हितेंद्र म्हणाला. "लतिकाताईंचं मॉडेल—"

"पण ताई, तुमचं सातशेवरून इथे आलं कसं?" रंजिताने मधेच विचारलं.

इथे नुसतं 'सांगते नंतर' म्हणायचं होतं. पण आजवर लोकांनी लतिकाला 'झालं का?' एवढंच विचारलं होतं, 'कसं केलंत?' असं कोणीच नाही. ती उठली. फळ्यावर दोन शेगड्या काढल्या, भोवती बायका काढल्या, नऊच मावल्या. मग आवाज बदलून "सरका हो"सुद्धा करून दाखवलं. हितेंद्र खुर्चीत हसून लोटपोट. रंजिता हसत नव्हती. ती टाइप करत होती.

"माझेही थ्रेड दोनच केले. एकसष्ट," रंजिता हळूच म्हणाली.

पुन्हा मोजलं. एकसष्ट. तिसऱ्यांदा साठ.

हितेंद्रने आळीपाळीने दोघींकडे बघितलं. "मग... रंजिताचं पाठवू या."

लतिकाच्या हातात मार्कर तसाच होता. तिने टोपण लावलं आणि फळ्यावरच्या शेगड्या पुसल्या.

जेवायच्या सुट्टीत सगळे उठले, पण ती रंजिताची फाइल उघडून बसली, खोट काढायला. तीच ती ओळ तिथे होती, आणि वर टीप: "शेगड्या दोनच. शोध लतिकाताईंचा, फणसवाडी." ही फाइल अशीच सोसायटीकडे जाणार होती. छे! ही पोरगी माणसाला धड रागावूही देत नाही.

मग खोटही सापडली. कंटेनर सुरू झाल्यावर पहिल्या फोटोला नऊ सेकंद लागत होते, आणि पहिला फोटो कोणी मोजलाच नव्हता. लिलावातला पहिला मासा सगळ्यांसमोर हसं करणार. गप्प बसलं तर पहिल्या लिलावानंतर सोसायटीच लतिकाचं मॉडेल मागणार.

रंजिता समोर येऊन बसली, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"रंजिता."

"काय ताई?"

"पहिला फोटो मोजलास? नऊ सेकंद घेतोय. शेगडी पेटायला वेळ लागतो. लिलावाआधी एक कुठलाही फोटो दाखवून पेटवून ठेवायची."

रंजिता खुर्ची ओढत आली. "कसं करायचं? दाखवा ना."

"सोमवारी. आज मला तुझा राग करू दे."

रंजिताने जरा विचार केला आणि डबा पुढे सरकवला. बांगड्याचे दोन तुकडे होते. लतिकाने मोठा उचलला.