आज प्रार्थना नाही

सिस्टरने पडदा ओढून घेतला आणि मावशींच्या छातीवर बोटं टेकवली. गाठ शोधावी लागलीच नाही. मागच्या आरोग्य शिबिरात ती चण्याएवढी होती, बोटाखालून निसटत होती. आज बोराएवढी झाली होती आणि जागची हलत नव्हती.

"कमी झालीये ना?" छताकडे बघत मावशींनी विचारलं.

 सिस्टरची बोटं काखेपर्यंत गेली, तिथे थांबली, परत आली. पडद्यापलीकडे शाळेच्या हॉलमध्ये रक्तदाब मोजून घ्यायला आलेल्यांची रांग होती. कुणी कुणाच्या तरी पुढे घुसलं म्हणून बाचाबाची चालली होती आणि मिशनच्या गाडीचा ड्रायव्हर दोन्ही बाजूंना दटावत होता. आठवडाभर मिशनच्या लहानशा इस्पितळात नर्सची ड्युटी आणि सुट्टीच्या दिवशी ही शिबिरं. शिबिरांसाठी तिने आपणहून हात वर केला होता, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. पाय मात्र कुणाला न विचारता दुखत होते.

"मोठ्या हॉस्पिटलात गेला होतात का, मावशी? चिठ्ठी दिली होती मी."

"जाणार होते हो." मावशी उठून बसल्या आणि बटणं लावू लागल्या. "पण त्या दिवशी तुम्ही प्रार्थना केलीत ना, तेव्हापासून दुखायचंच थांबलं. मग म्हटलं, कशाला उगाच डॉक्टरांच्या नादी लागा?"

वस्तीत त्यांना सगळे चेनवाल्या मावशी म्हणत. बॅगांच्या, जॅकेटच्या, पँटच्या बिघडलेल्या चेन बदलून देणं हा त्यांचा धंदा. हाताला यश होतं आणि जिभेला हाड नव्हतं. चेन तुटलेली बॅग घेऊन येणाऱ्याला आधी त्याच्या धसमुसळेपणाबद्दल चार शब्द ऐकावे लागत, मगच बॅग दुरुस्त होई. त्या चर्चमध्ये जाणाऱ्यांपैकी नव्हत्या. खरं तर कुठल्याच देवाशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. पण सिस्टरच्या प्रार्थनेवर त्यांचा भारी विश्वास.

तपासून झालं की सिस्टर प्रत्येकाला विचारायची, "प्रार्थना करू का?" हो म्हटलं तर हात हातात घेऊन दोन वाक्यं. नाही म्हटलं तरी हसून पुढच्याला बोलवायची. सिस्टरचा हात लागला की रक्तदाब उतरतो, असं आता लोकच एकमेकांना सांगत. घटकाभर गप्प बसलं की कुणाचाही थोडा उतरतोच, हे तिने कितीदा समजावलं होतं. ऐकतो कोण! आणि लोक तसं म्हणाले की आत कुठेतरी तिला गोड वाटायचं, हेही खरं. आज मात्र तिला त्या गोडव्याची शिसारी आली.

मावशींनी सवयीने हात पुढे केला. "करा."

सिस्टरचाही हात सवयीने उचलला गेला. मग तो तिने एप्रनच्या खिशात घातला.

"आज नाही, मावशी."

"म्हणजे?"

"आज इथे प्रार्थना नाही. उद्या सकाळी मी मोठ्या हॉस्पिटलात येते. तुम्ही या, नंबर लावा. नंबर लागेपर्यंत तुमच्याशेजारी बसते आणि तिथे करते."

 मावशींना कुणी नाही म्हणायची वेळ सहसा येत नसे.

"देवाच्या नावानं अडवणूक करतेस माझी?" तुम्हीवरून त्या एकदम तूवर आल्या. "माझी जाऊ गेली होती तिथे. स्वतःच्या पायानं चालत गेली आणि परत आणली ती झाकून."

"त्यांना उशीर झाला असेल."

"सगळ्यांना तेच सांगतात."

सिस्टर स्टुलावर बसली. उभं राहून बोलायचं त्राण नव्हतं आणि हे वरून बोलायचंही नव्हतं. "मावशी, असली गाठ दुखेलच असं नाही, हाच तिचा कावा असतो. ती वाढलीये. आता काखेतही लागतेय. तुम्ही गेला नाहीत तर जीव जाईल तुमचा. आणि तो माझ्या प्रार्थनेच्या भरवशावर जाईल. मला नाही सोसायचं ते."

 मावशींनी पडदा असा काही बाजूला सारला की त्याच्या दोन कड्या सुटल्या. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ऐका हो! आता देवाकडेसुद्धा नंबर लावायचाय!" आणि तरातरा निघून गेल्या.

परतताना ड्रायव्हरने बराच वेळ कळ काढली. मग राहवेना.

"ताई, दोन शब्दच तर होते. बोलून टाकायचे. आपलं काय जात होतं?"

"आपलं काहीच नाही."

"आणि उद्या आलीच नाही तर? तिकडेही नाही आणि इकडेही नाही. तेल गेलं, तूप गेलं."

सिस्टरने काचेला डोकं टेकलं. ती हेच विचारत होती स्वतःला. पुढच्या शिबिरातही मावशी आल्या नाहीत, तर तो दोष आपल्या नकाराचा असेल, हे तिला दिसत होतं. आजवर कुणालाही तिने प्रार्थना नाकारली नव्हती. नाकारायचा आपल्याला हक्क तरी आहे का, हे तिला देवाला विचारायचं होतं, पण डोळे मिटले की समोर नुसता अंधार यायचा आणि मान पुढे कलंडायची.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी मिळावी म्हणून तिने ड्युटी बदलून घेतली. त्या बदल्यात रात्रपाळी गळ्यात पडली. ती संपवून, तोंडावर पाणी मारून ती तशीच मोठ्या हॉस्पिटलात गेली. तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाकं होती आणि बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. तिने एका टोकाला जागा धरली. दर वेळी जिन्यात पावलं वाजली की ती मान वर करायची, आणि दर वेळी दुसरंच कुणी असायचं.

मावशी आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं होतं.

"तू खरंच येतेस का ते बघायला आले," त्या म्हणाल्या. "नंबर लावलाय. पण अजून ठरलेलं नाही माझं. सांगून ठेवते."

"बरं."

त्या शेजारी टेकल्या.  खोलीचं दार उघडलं की अंग चोरून घ्यायच्या, मिटलं की सैल सोडायच्या. सिस्टरच्या लक्षात आलं, या बाईला भीती वाटतेय.

"कर आता."

सिस्टरने त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं सुयांनी घट्टे पडून खरखरीत झाली होती. हात गरम होता. तिने डोळे मिटले. "हे प्रभू, माझ्या या मावशीला..."

डोळे उघडले तेव्हा मान अवघडली होती आणि उन्हाचा पट्टा भिंतीवरून फरशीवर उतरला होता. शेजारची जागा रिकामी होती.

ती ताडकन उठली. जिना उतरून फाटकापर्यंत धावत गेली. रस्त्यावर दोन्हीकडे माणसंच माणसं, मावशी कुठेच नाहीत. गेली. निसटली. एवढी मिनतवारीने आणली, एक प्रार्थना तेवढी मागितली तिने, आणि आपण तीसुद्धा पुरी केली नाही! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली तिला. जिना चढताना कठड्याला धरावं लागलं.

समोरच्या बाकावर मांडीवर मूल घेऊन बसलेली एक बाई तिच्याकडे बघत होती.

"त्या मावशींना शोधताय का? आत आहेत त्या."

"आत?"

"केव्हाच्या. नाव पुकारलं तशा उठल्या. एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे बघितलं, आणि गेल्या की आत. मी म्हटलं, अहो, यांना उठवा, सोबत न्या. तर माझ्यावरच डाफरल्या."

"काय म्हणाल्या?"

बाईने मूल मांडीवरून खांद्यावर घेतलं. "तुम्ही तर चक्क घोरत होतात हो. पण त्या म्हणाल्या, झोपलेली नाहीये ती. माझ्यासाठी प्रार्थना करतेय. कुणी मोडू नका."

सिस्टरला हसू आलं आणि त्याच्याच मागोमाग रडू आलं. बंद दाराकडे बघत ती बाकावर बसली, डोळे मिटले, आणि या वेळी जागी राहिली.