काशिराम नाखवांचा पंखा

बहरीनहून परतल्यावर जमालने पनवेलबाहेर, नेऱ्याच्या रस्त्यावर शेड घातली आणि ब्राँझची ओतकामं घ्यायला सुरुवात केली. भट्टी त्याची, साचे सायराचे. अनुभव त्याचा, केमिस्ट्रीची पदवी तिची. त्यामुळे नवराबायकोला भांडायला विषय आयता मिळे.

एका पावसाळ्यात उरणच्या काशिराम नाखवांनी बोटीचा पंखा करायला दिला. पंखा दिसायला झकास उतरला. पण मध्ये शाफ्टचं भोक पाडायला लेथवर चढवला, तर जाड गड्ड्याच्या पोटात लिंबाएवढी पोकळी!

"ओतताना धातूचा रस थंड पडला असणार," जमाल म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याने भट्टी अशी फुलवली की शेडचे पत्रे तापले. पोकळी आणखी मोठी झाली.

काशिराम कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "जमालभाय, नारली पुनव तोंडावर आयली. बोट काय मी हातान ढकलू?"

"अहो, जास्त तापलेला रस निवताना जास्त आक्रसतो," सायरा नवऱ्याला म्हणाली. "पाती पातळ, ती आधी थिजतात. गड्डा सगळ्यात शेवटी. तोवर त्याला पुरवायला रसच उरत नाही, मग पोटात खड्डा पडतो. जरा कमी तापवा."

"मग पाती भरायची नाहीत," जमाल फुरंगटला, पण ऐकलं. गड्ड्यातली पोकळी आता बोराएवढीच राहिली. एका पात्याचं टोक मात्र उंदराने कुरतडल्यासारखं. जमाल असा खूश, जणू पंखाच जमला!

सायराला आधी राग आला, मग हसू.

"बरं, तुमचंही खरं. उष्णता मधली ठेवू. पण गड्ड्याच्या डोक्यावर जादा रसाचा एक उंचवटा ठेवायचा. तो गड्ड्यानंतर थिजला पाहिजे, म्हणजे आक्रसणाऱ्या गड्ड्याला वरून रस पाजत राहील. फक्त तो तेवढा वेळ गरम कसा ठेवायचा?"

"बरफ वितलू नये म्हनून आमी तुसान पुरताव," काशिराम सहज बोलले.

"नाखवा, आम्हाला गरम ठेवायचंय!" जमाल हसला.

सायरा मात्र उठून चपला घालत होती. "आत गरम आहे की गार, ते तूस थोडंच विचारतं?"

नेऱ्याच्या भातगिरणीतून तिने पोतंभर तूस आणलं. रस ओतून होताच तिने ते उंचवट्यावर पसरलं. धूर डोळ्यांत गेला, दोघं खोकून खोकून बेजार. दुसऱ्या दिवशी उंचवटा कापून टाकला आणि पंखा लेथवर चढवला. जमाल 'या अल्लाह' पुटपुटत उभा. भोक आरपार गेलं. आत नुसतं सोन्यासारखं चकचकीत, भरीव ब्राँझ. त्याने सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला आणि मग लाजून सोडला.

पुनवेनंतर काशिरामांनी दोघांना बोटीत बसवलं. पंख्याने पाणी कापलं, बोट निघाली. जमालने डोळे गच्च मिटून कठडा धरला होता. जन्म पनवेलचा असूनही सायरा आजवर किनारा सोडून कधी आत आली नव्हती. ओढणी सावरत ती पुढे जाऊन उभी राहिली.

"नाखवा," ती ओरडली, "अजून जरा आत जाऊ या!"