पंपवाले भाऊ

पंपावर पेट्रोल भरणाऱ्या प्रज्ञाने स्टुलावर चढून भावाच्या पाटीवरचा सहाचा पत्रा काढला आणि त्या जागी सातचा अडकवला. खाली श्रीधरभाऊ स्टूल धरून उभे होते. सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा पंप जुना. इथे पेट्रोलच्या भावाची पाटी अजून हातानेच बदलावी लागे, आणि गेल्या बारा दिवसांत ती नऊ वेळा बदलली होती.

"सरळ आहे ना?" प्रज्ञाने वरूनच विचारले.

"पाटी सरळ आहे," श्रीधरभाऊ म्हणाले. "लोकच तिच्याकडे सरळ पाहून नाही राहिले."

श्रीधर घागरे आता चौसष्ट वर्षांचे होते. अठ्ठावीस वर्षे पंप चालवूनही ते केबिनमध्ये फारसे टिकत नसत. रस्त्यावरून येणारी गाडी कोणाची आहे हे त्यांना आवाजावरून कळे, आणि गाडी थांबायच्या आत ते मालकाच्या आईच्या गुडघ्याची किंवा मुलीच्या परीक्षेची चौकशी सुरू करत. गावात त्यांना आडनावाने कोणी हाक मारत नसे. ते सगळ्यांचे पंपवाले भाऊ होते.

आदल्याच दिवशी पक्षाने त्यांना पांढुर्ण्याला बोलावून नगरपालिकेच्या वॉर्ड सातचे तिकीट दिले होते. तीस वर्षे ते या पक्षात होते. सभांच्या सतरंज्या टाकल्या, पाहुण्यांसाठी गाड्या पाठवल्या, स्वतःसाठी मात्र कधी काही मागितले नाही. आता पक्षाची वर सत्ता होती, भाव रोज चढत होते, आणि वॉर्डात ज्याच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही असा माणूस पक्षाला हवा होता. श्रीधरभाऊ ती बातमी घेऊन लहान मुलासारखे घरी आले. त्यांची बायको कुसुमताई मुलींच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, की ही निवडणूक नळाच्या पाण्याची आहे की पेट्रोलची. ते म्हणाले, नळाच्या पाण्याची, दुसरी कशाची असणार.

"मग ते लोकांना सांगून ठेवा," त्या म्हणाल्या आणि वरणाला फोडणी द्यायला वळल्या.

तिकीट मिळाल्याच्या पाचव्या दिवशी भाववाढीविरुद्धचा मोर्चा आला तो त्यांच्याच पंपावर. समोरच्या पक्षाची उमेदवार गायत्री खोडे वॉर्डातच मुलांच्या शिकवण्या घेई. तिच्यामागे तीसेक बाया आणि दहाबारा माणसे आपापल्या गाड्या इंजिन बंद करून ढकलत आणत होती. एप्रिलचे ऊन डोक्यावर होते. सगळ्यांनी घोषणा दिल्या, दोन नंबरच्या मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग पुढे काय करायचे हे कोणाला नीट ठाऊक नव्हते, म्हणून ते घाम पुसत उभे राहिले. तेवढ्यात श्रीधरभाऊ केबिनमधून बाहेर आले. समोरच्या टपरीवरून त्यांनी लिंबाचे सरबत मागवले होते, बर्फ घालून.

गायत्री संकोचली. "भाऊ, हे तुमच्यावर नाही आहे जी."

"माहीत आहे मला. तू आधी सरबत घे. अन् हार जरा वर सरकव, नोझल अडकून राहिलं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: मोर्चेकऱ्यांना सरबत पाजणारे सत्ताधारी उमेदवार. पांढुर्ण्याहून पक्षाचा प्रचार सांभाळणाऱ्या अमितचा फोन आला. तुम्ही आमच्याकडून उभे आहात की आमच्याविरुद्ध, असे त्याने हसत विचारले, पण ते हसणे खरे नव्हते. श्रीधरभाऊंनी फोटो कापून केबिनच्या काचेला चिकटवला. त्यांचा चेहरा त्यात चांगला आला होता.

प्रचाराला ते पायी निघाले. कार काढायची त्यांना लाज वाटली. सोबत त्यांचे जुने मित्र दिलीप, निवृत्त पोस्टमास्तर, आणि दोन पावले मागे कुसुमताई. घरोघरी आधी पाणी येई, मग चहा, मग पेट्रोल. बोरगावच्या कारखान्यात जाणारा शुभम म्हणाला की पगार तोच आहे आणि रोजचे जाणे-येणेही तेच आहे. छायाबाई लोधीखेड्याला शिवणाचे कपडे पोहोचवायला जात, त्यांनी आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच जायला सुरुवात केली होती. एका म्हाताऱ्या बाईने तर साधाच उपाय सुचवला, की भाऊंनी निदान आपल्या वॉर्डापुरते दोन रुपये कमी घ्यावे.

श्रीधरभाऊ प्रत्येक ओसरीवर बसून समजावत. भाव वरून येतो. कंपनी ठरवते, सरकार कर लावते. पंपवाल्याला लिटरमागे जे मिळायचे तेवढेच मिळते, भाव चढो की उतरो. लोक मन लावून ऐकत, मान हलवत. शुभम शेवटी म्हणाला, "ते खरं आहे भाऊ. पण आम्ही बोलायचं कोणाजवळ? वर तर कोणी भेटून नाही राहिलं. तुम्ही भेटता."

श्रीधरभाऊंनी त्याच्या गाडीची चेन सैल झाली आहे, तेवढे सांगितले आणि उठले.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात ते चंद्रकलाबाईंच्या घरी गेले. चंद्रकलाबाई आणि गल्लीतल्या आणखी सातआठ जणी रामाकोन्याकडच्या संत्र्याच्या बागांत मजुरीला जात. शेतमालकाचा टेम्पो त्यांना सकाळी नेई आणि संध्याकाळी आणून सोडी. महिन्याभरापासून तो बंद होता. डिझेल परवडत नाही म्हणे. बाया पहाटे पायीच निघत. चंद्रकलाबाई हे सगळे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. एका पायाचा तळवा दुसऱ्या पायावर घासत त्या सहज बोलत होत्या, आणि टाचेच्या भेगांत माती बसलेली दिसत होती.

श्रीधरभाऊ उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"माफ करा, बाई."

चंद्रकलाबाई गडबडल्या. "तुम्ही काऊन माफी मांगता जी? तुम्ही काय केलं?"

मागे दाराशी उभ्या असलेल्या कुसुमताईंनी तोंड दुसरीकडे वळवले आणि वेलीवरच्या दोडक्याकडे त्या पाहत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी घमेल्यात कोमट पाणी मीठ घालून नवऱ्यासमोर ठेवले. श्रीधरभाऊंनी पाय बुडवले आणि डोळे मिटले. पंधरा दिवसांत त्यांचे वजन उतरले होते, सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटून आली होती. कुसुमताई खाली बसून त्यांच्या पोटऱ्या दाबू लागल्या. असे त्यांनी आजवर एकदोनदाच केले असेल, तेही श्रीधरभाऊंना ताप असताना.

"माफी काऊन मागितली?" त्यांनी विचारले.

"कोणीतरी मागायला पाहिजे ना."

"अन् निवडून आले तर? पाच वर्षं दारोदार हेच करान?"

"करीन," ते डोळे न उघडता म्हणाले, आणि त्यांना हे मनापासून आवडणार आहे असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. "पक्षाला थोडीच सांगता येते लोकांजवळ जा म्हणून. मी जाईन."

घमेल्यातले पाणी गार होईपर्यंत कुसुमताई त्यांच्या पोटऱ्या दाबत राहिल्या.

मतदान शांततेत झाले. दोघांनी एकाच केंद्रावर, बायांच्या आणि पुरुषांच्या दोन रांगांत शेजारी शेजारी उभे राहून मत दिले. चार दिवसांनी निकाल लागला. श्रीधरभाऊ एकेचाळीस मतांनी हरले. मतमोजणीच्या आवारातच त्यांनी गायत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. उन्हाळ्यात वरच्या गल्लीला पाणी चढत नाही, आधी तिकडे बघ, असेही सांगितले. पक्षाचे लोक गाड्यांत बसून निघून गेले. दिलीपने त्यांना घरापर्यंत सोडले. ते जेवले, बातम्या पाहिल्या, वेळेवर झोपले.

सकाळी मात्र ते उठून अंगणातच बसले. सहा वाजले, सात वाजले. पंपावर जायची वेळ टळून गेली तरी ते तुळशीची वाळलेली पाने खुडत राहिले. एकेचाळीस जणांची नावे ते मनात शोधत आहेत, हे कुसुमताईंना कळत होते. मिळणाऱ्या प्रत्येक नावापाशी ते थांबत आणि मग मान हलवत. त्यांना कोणाचाच राग येत नव्हता. आता या लोकांशी नजर कशी मिळवायची, एवढेच त्यांना कळत नव्हते.

"जा आता," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही हरले. पंप नाही हरला."

ते पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. ते थेट केबिनमध्ये शिरले आणि कधी नव्हे ते दार लावून बसले. काचेतून बाहेरचे दिसत होते. शुभमची गाडी आली. भाव चढू लागल्यापासून तो शंभराच्या वर कधी टाकत नसे, आणि ते शंभरही शब्दाने न सांगता एक बोट वर करून सांगे. आज त्याने बोट वर केले नाही. केबिनकडे न बघता तो म्हणाला, "फुल कर, प्रज्ञा."

त्याच्यामागे छायाबाईंचा मुलगा आला. त्याचीही टाकी फुल. मग वरच्या गल्लीतले दोघे, मग औषधाच्या दुकानाचे मालक. हळूहळू रांग रस्त्यापर्यंत गेली. काही जण पैसे देताना केबिनकडे तोंड करून हात उंचावत, काही जण खाली मान घालून निघून जात. सगळे फुलच सांगत होते.

श्रीधरभाऊंनी दार उघडून प्रज्ञाला बोलावले. उद्या भाव वाढणार आहे का, तसा मेसेज आला आहे का, असे त्यांनी विचारले. प्रज्ञाने फोन पाहून सांगितले, की काही नाही, भाव आठ दिवसांपासून तिथेच आहे.

"मग हे लोक टाक्या काऊन भरून राहिले?"

प्रज्ञा राहायला लोधीखेड्याला. तिचे मत या वॉर्डात नव्हते, त्यामुळे सकाळपासून ती हे सगळे जरा लांबून पाहत होती. तिलाही आधी उमगले नव्हते. मग अकराच्या सुमारास दिलीपकाका आले. त्यांनी शंभरचेच पेट्रोल टाकले, केबिनमध्ये डोकावून गावाला मोठ्याने दोन शिव्या दिल्या, आणि निघून गेले. ते गेल्यापासून ती त्यांच्या गाडीचाच विचार करत होती.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "दिलीपकाकांनी शंभरचंच टाकलं."

"बरं मग?"

"ते तर तुमच्याकडून होते ना जी. त्यांना कशाची भरपाई करायची?"

श्रीधरभाऊंनी तिच्याकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले. रांग लांब होती. एकेक चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. कोणी मोबाईलमध्ये पाहत होते, कोणी उगाच आरसा सारखा करत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला, पुन्हा घातला. मग बाहेर येऊन प्रज्ञाच्या हातातले नोझल घेतले आणि तिला सावलीत बसायला सांगितले.

दुपारभर ते स्वतःच उभे राहिले. प्रत्येकाला मीटरवरचा झीरो पाहून घ्यायला सांगत, आणि पेट्रोल पडत असताना आईचे गुडघे कसे आहेत, विचारत. पहिल्या दोघांतिघांना बोलणे जड गेले. नंतर लोक गाडी बाजूला लावून थांबू लागले. वरच्या गल्लीतल्या एकाने गायत्रीताईंना पाण्याचे सांगाल का, तुमचे ऐकतात त्या, अशी गळही घातली. भाऊंनी सांगतो म्हटले. निवडणुकीचे नाव कोणी काढले नाही.

पाच वाजता ऊन उतरले तशी रांगही ओसरली. दोनच गाड्या उरल्या होत्या, आणि त्यांच्यामागे एक स्कूटी येऊन थांबली. कुसुमताई होत्या. त्यांची स्कूटी दर रविवारी श्रीधरभाऊच पंपावर आणून भरून नेत. इतक्या वर्षांत त्या इथल्या रांगेत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. पुढच्या माणसाने आधी तुम्ही घ्या म्हणून बाजूला व्हायला पाहिले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटले.

त्यांची पाळी आली. त्या खाली उतरल्या, सीट उचलली, टाकीचे झाकण फिरवून काढले आणि हातात धरून उभ्या राहिल्या.

"किती?" श्रीधरभाऊंनी दिवसभराच्या सवयीने विचारले.

कुसुमताईंनी पदर खांद्यावर सारखा केला. त्या मशीनकडे पाहत होत्या.

"फुल करा," त्या म्हणाल्या.

श्रीधरभाऊंचा हात तसाच राहिला. सावलीत बसलेल्या प्रज्ञाने मान खाली घालून पैशांची पिशवी उगाच उघडली आणि बंद केली. रामाकोन्याकडून एक बस आली, हॉर्न देत गावात निघून गेली. धूळ खाली बसली.

"झीरो पाहून घे," ते म्हणाले.

"पाहिला."

त्यांनी नोझल टाकीत सोडले. पेट्रोल वर चढू लागले. सांडू नये म्हणून दोघेही खाली वाकून टाकीत पाहत राहिले, आणि वाकल्या वाकल्या श्रीधरभाऊंचे खांदे हसण्याने हलू लागले.