खालच्या लूपरच्या ओळी

गल्लीत सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. शिवणयंत्र अडलं, सुया मोडू लागल्या, दोरा गुंतू लागला, की बाया ते यंत्र लेकरासारखं पोटाशी धरून तिच्याकडे आणत. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल. टेबलावर धुऊन विरलेली पांढरी चादर, चादरीवर खोललेली मशीन, आणि मशीनच्या वर, फळीला रबराने बांधलेला, खाली तोंड करून लटकलेला तिचा फोन.

मशीन खोलायला घेतली की ती व्हिडिओ सुरू करी. एक भाग निघाला की थांबवी, पुढच्या भागाला पुन्हा सुरू करी. जोडताना शेवटचा व्हिडिओ आधी बघायचा, पहिला सगळ्यात शेवटी. पूर्वी ती या युक्तीचं कौतुक सांगे. हल्ली म्हणे, "डोक्याचा भरवसा राहिला नाही, म्हणून हे दुसरं डोकं टांगलंय." म्हणायची हसून, पण हसू ओठांच्या पुढे जात नसे.

तिची सून आतल्या खोलीत काम करी. डॉक्टर बोलून ठेवत, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचं. या घरात ती अजून नवीच होती. नवरा कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे घरात दोघीच, आणि दोघींचं बोलणं जेवणापुरतं, किल्लीपुरतं. सासूचा राग नव्हता, सुनेचा रुसवा नव्हता. मधे नुसती एक भिंत होती, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना काम.

त्या दिवशी सकाळी शाळेचे गणवेश शिवणारी शिवणवाली ओव्हरलॉक मशीन घेऊन आली. कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून त्या दोऱ्याने बांधणारी ही मशीन. तिच्या पोटात लूपर नावाचे दोन वाकडे आकडे सुईभोवती नाचतात.

"मावशी, उद्या शाळेत गणवेश पोचवायचेत," शिवणवाली म्हणाली. "सगळे शिवून पडलेत, फक्त कडा राहिल्यात. नाही दिले तर पुढच्या वर्षी शाळा मला उंबऱ्यावरही उभी करणार नाही."

"संध्याकाळी ये. आणि येताना तोंड जरा बरं करून ये, मशीन घाबरते."

शिवणवाली हसत गेली. दुपारपर्यंत मशीनचं हाड न् हाड चादरीवर ओळीने मांडून झालं. तेवढ्यात फोनने सांगितलं, जागा संपली.

सासू फोन घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी आली. "अगं, याचं पोट भरलंय. तुझ्या त्या पेटीत ओतता येईल का?"

"येईल की. आणा आई."

सुनेने केबल लावली. कॉम्प्युटरला फोन दिसेना. "ही केबल नुसती चार्जिंगची दिसतेय," म्हणत तिने दुसरी काढली. तरी काही नाही. मग फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढलं, तिथे चार्जिंग लिहिलेलं होतं, त्याऐवजी फाइल ट्रान्सफर निवडलं.

"म्हणजे दार आतून लावलेलं होतं," सासू म्हणाली.

"तसंच. आता उघडलं."

कॅमेऱ्याचं फोल्डर उघडलं. तिने सगळे व्हिडिओ निवडले, कॉपी केले, कॉम्प्युटरमधल्या नव्या फोल्डरात पेस्ट केले. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. "वेळ लागेल," ती म्हणाली. "इथे आलेले दिसले की फोनमधले काढून टाका, जागा होईल." आणि दुकानातून सामान आणायला ती बाहेर पडली.

घाई तिच्या बोलण्यात होती, चूक त्या घाईत होती. पण ते नंतर कळलं.

ती परतली तेव्हा केबल नीट गुंडाळून ठेवलेली होती. सासू टेबलापाशी, फोन पुन्हा फळीला.

"झालं सगळं?"

"झालं. शंभर टक्के भरला, लगेच काढला. भरल्यावर लावून ठेवला की बॅटरी फुगते." सासूचा आवाज हुशार विद्यार्थिनीचा होता. "आणि तुझ्या पेटीत जेवढी नावं आली तेवढीच फोनमधली काढली. एकेक ताडून बघून. कचऱ्याचा डबाही रिकामा केला."

सुनेच्या हातातली पिशवी खुर्चीवर टेकली ती तशीच कलंडली. बॅटरी भरली होती, व्हिडिओ भरले नव्हते. तिने कॉम्प्युटरवर एकेक उघडून पाहिला. जुने सगळे आले होते. ओव्हरलॉकचा पहिलाही आला होता. एका व्हिडिओचं मात्र नुसतं नाव आलं होतं; तो अर्ध्यात तुटला होता, उघडत नव्हता. त्याच्या पुढचे फोनमध्येच राहिले होते, कारण सासूने इमानाने न आलेल्यांना हात लावला नव्हता. हरवला तो एकच, मधला. खालचा लूपर काढतानाचा.

"चूक माझी आहे, आई. मी नीट सांगायला हवं होतं."

चादरीवरचा तो वाकडा आकडा सासूने उचलला, उजेडात फिरवला, परत ठेवला. त्याला बसवायची जागा ढोबळ कुणालाही दिसेल. पण सुई कुठे असताना तो कुठे असावा, किती जवळ, किती तिरका, यातच तर मशीनचा जीव. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"नाही गं आठवत. इतक्या मशिनी जोडल्या या हातांनी. कोरं झालंय सगळं."

सुनेने ही भीती आजवर थट्टेच्या कपड्यात पाहिली होती. आज ती उघडी समोर बसली होती. तिने सासूची खुर्ची आत कॉम्प्युटरपुढे ओढली. "याच्या आधीचा तरी बघू. कदाचित त्याच्या शेवटी काही दिसेल."

व्हिडिओ सुरू झाला. फोनच्या टीचभर पडद्यावरचे हात आता हाताएवढे झाले. सुनेने ते हात असे कधी पाहिलेच नव्हते. तेलाने काळसर नखं, आणि बोटं मात्र अशी चालत होती, जशी एखादी बाई झोपल्या बाळाच्या मुठीतून पदर सोडवते. आणि तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. बारीक, ओवीच्या चालीवरचा, कामात बुडालेला आवाज.

*पहिला माझा स्क्रू, दारीचा राखणदार,*
*त्याला बाजूला घेता, उघडे पोलादी दार.*

सून थबकली. दिवसभर परक्यांचे आवाज कानात घेऊन बसणारी ती, आणि भिंतीपलीकडे हे चाललेलं तिला ठाऊक नव्हतं.

"आई, तुम्ही गाता?"

"मी कशाला गातेय? काहीतरी पुटपुटत असेन."

"पुटपुटता? ऐका तरी."

*कात्रीच्या दोघी बहिणी, आतून धुसफूस,*
*धाकटी आधी काढ, थोरलीला मग पूस.*

पडद्यावरच्या हातांनी खालचं पातं आधी काढलं, मग वरचं. सासू आपल्याच आवाजाकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. व्हिडिओ संपला. सुनेने तो पुन्हा लावला. या वेळी सासूचे ओठ आवाजाबरोबर हलले. पुन्हा लावला. धुसफूस झाली, पूस झालं, आवाज थांबला. पण ओठ थांबले नाहीत. उतारावर लागलेल्या चाकासारखे ते पुढे गेले.

*खालचा गं लूपर, तिरपा, लाजरा उभा,*
*सुई तळाशी जाता, त्याला हलाया मुभा.*

मधे बोललं तर दोरा तुटेल, एवढं सुनेला कळत होतं. सासूचा उजवा हात मांडीवर आपोआप वळला, जणू बोटांत आकडा आहे.

*दोघांच्या मधे ठेव, कागदाचे अंतर,*
*आधी टेकली टोके, पस्तावशील नंतर.*

"कागदाचं," सासू एकदम म्हणाली. "अगं, कागद घालून बघायचा मधे. माझ्या आईने... छे, आईने नव्हे, हे मीच केलंय. कधी केलं मी हे?"

"तुमचं तुम्हाला ठाऊक. मला तर आज कळतंय मी कुणाच्या घरात राहते ते."

"चढवू नकोस. ऊठ, कागद आण."

मग दोघी टेबलापाशी बसल्या. फोनमध्ये उरलेल्या शेवटच्या व्हिडिओंवरून सासूने सुरुवात केली, आणि हरवलेल्या जागी आली तेव्हा सून म्हणू लागली. ऐकलेलं जसंच्या तसं धरून ठेवणं हे तिचं रोजचंच काम. पण डॉक्टरांचं बोलणं टाइप झालं की तिच्या कानातून निघून जाई. या ओळी जाईनात. ती एक ओळ म्हणे, सासूचे हात तेवढंच करत. सुई तळाशी नेली. आकडा तिरपा धरला. मधे कागद सरकवला, ओढून पाहिला, स्क्रू अर्धा आवळला, पुन्हा कागद.

"चाल चुकतेय तुझी," सासू मान वर न करता म्हणाली.

"स्क्रू बसतोय ना?"

"स्क्रू बसतोय. चाल चुकतेय."

"मग शिकवा."

सासूने चाल धरली. सून तिच्या मागोमाग म्हणत राहिली. शेवटचा, दारीचा राखणदार जागेवर बसला तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता आणि शिवणवाली दारात उभी होती. ती बराच वेळ उभी असावी. चपला काढून ठेवलेल्या होत्या.

"मावशी, हे काय? भजनाला बसल्यासारख्या दोघी."

"तू आधी कापड दे."

शिवणवालीने गणवेशाच्या कापडाची चिंधी पुढे केली. सासूने दोरे ओवले, पॅडलवर पाय दाबला. मशीन आधी खोकल्यासारखी खडखडली, मग एका लयीत धावू लागली. चिंधीची कड एकसारखी बांधली गेली, आणि कापड संपल्यावरही दोऱ्याची बारीक वेणी पुढे विणली जात राहिली.

शिवणवालीने चिंधी घ्यायला हात पुढे केला. सासूने ती दिली नाही. वेणीसकट कापून घेतली, चष्मा वर करून नुसत्या डोळ्यांनी निरखली, आणि शिवणवालीच्या हातावरून पलीकडे, सुनेपुढे धरली.

"बघ गं. कुठे सुटलंय का?"

सुनेला टाक्यातलं काही कळत नव्हतं. पण तिने चिंधी खिडकीशी नेली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक फास बोटाखाली घेत, सावकाश पाहिली.

"नाही, आई," ती म्हणाली. "कुठे सुटलं नाही."

"मग दे तिला," सासू म्हणाली, आणि हात पुसायला फडकं शोधू लागली.