फाइलमधलं वजन

मित्रांनो, मी कोथरूडच्या एका सीटी स्कॅन सेंटरमधला जुना वजनकाटा आहे. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही, त्यामुळे फारसा कुणाला आवडत नाही.

माझा जन्म भोसरीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी थेट इथे आलो. तेव्हा इथे रावसाहेब नावाचे तंत्रज्ञ होते. स्कॅनला आत नेण्याआधी ते प्रत्येकाला माझ्यावर उभं करत. चपला काढा, शाल काढा, किल्ल्या बाहेर ठेवा. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "अहो, छातीतून किरण जाणार, शिरेतून औषध जाणार. दोन्ही मापात नको का?" स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते हे औषध. ते शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. किडकिडीत माणसाला किरणही कमी पुरतात आणि औषधही. रावसाहेब माझा आकडा बघून दोन्ही बेताचं ठेवत. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

रावसाहेब निवृत्त झाले. नवं झटपट मशीन आलं, दर दहा मिनिटांनी एक पेशंट आत जाऊ लागला आणि वजन तोंडी विचारायची पद्धत पडली. मला दाराआड सरकवलं आणि माझ्यावर सलाइनची खोकी रचली. दिवसभर मी खोक्यांचं वजन दाखवत असे. ते कुणालाच नको होतं.

गेल्या हिवाळ्यात वारज्याहून मुक्ताई आल्या. साड्यांना फॉल-पिको करून त्यांनी संसार ओढला होता. वर्षभर खोकला हटत नव्हता. स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला रुमाल. सोबत त्यांचा मुलगा दत्तप्रसाद होता. तो कंपनीतून अर्धा दिवस रजा काढून आला होता.

"वजन किती आजींचं?" दीपमालानं विचारलं. रावसाहेबांच्या जागी आता ती काम करते.

दत्तप्रसादनं फाइल उघडली. "बासष्ट."

तो आकडा गेल्या वर्षीचा होता. मूत्रपिंडांची रक्ततपासणीही त्याच फाइलमधली, तितकीच जुनी. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस वाळताना दिसत नाही, तसं त्याचं झालं होतं.

मुक्ताईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "पोरी, उभी राहू का काट्यावर? मला हलकं हलकं वाटतंय आताशा."

"नको आजी, फाइलमध्ये आहे ना. बाहेर बाराजण थांबलेत."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड नाही, नुसता काटा आहे, आणि तो खोक्यांच्या वजनावर अडकला होता. बासष्ट किलोच्या मापानं ऐंशी मिली औषध त्यांच्या शिरेत गेलं. किरणही त्याच मापाचे.

पाचव्या दिवशी दत्तप्रसाद एकटाच आला. मुक्ताईंचे पाय सुजले होते, लघवी बंद झाली होती. "हॉस्पिटलमध्ये विचारतायत, औषध किती दिलं होतं?"

दीपमालानं रजिस्टर पाहिलं. "ऐंशी. बासष्ट किलोला."

"तिथे गेल्या गेल्या वजन केलं. एक्केचाळीस भरलं. बासष्ट मीच सांगितलं होतं."

"मी करून घ्यायला हवं होतं," दीपमाला म्हणाली.

महिन्याभरानं तो जुन्या स्कॅनची सीडी न्यायला आला. मूत्रपिंडं परत चालू झाली नव्हती. ती औषधाच्या आधीपासूनच थकलेली होती. औषध कमी गेलं असतं तर कदाचित निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. "आठवड्यातून तीनदा डायलिसिस," तो म्हणाला. "तिथे मशीनला लावायच्या आधी वजन करतात. नंतर पुन्हा करतात. एकदाही चुकवत नाहीत."

तो गेल्यावर दीपमालानं खोकी उतरवली आणि मला दारासमोर आणलं. आता ती प्रत्येकाला उभं करते, रक्ताचा ताजा रिपोर्ट मागते आणि लोकांची बोलणी खाते. मला पुन्हा काम मिळालं याचा आनंद व्हायला हवा होता, पण होत नाही. मला हे काम मुक्ताईंच्या जिवावर मिळालं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी स्कॅनला निघालं तर वजन आठवून सांगू नका. काटा कुठे आहे ते विचारा. हसतील, वैतागतील, रांग आहे म्हणतील, तरी विचारा. मला अर्धं मिनिट पुरतं. मुक्ताईंना आता दर खेपेला चार तास लागतात.