म्हणे सापडले नाही!

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि आज मी भयंकर चिडलेली आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मी राहते ब्रेल छापखान्यात. इथलं यंत्र जाड कागदावर टिंबं उठवतं आणि अंध मुलं ती बोटांनी वाचतात. यंत्र चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या पोटातली डिस्क बिघडली, तेव्हा त्याला सुरू करणारी सगळी प्रणाली माझ्यावर चढवली आणि मला बाहेरून केबलने जोडलं. तेव्हापासून मी जागी झाल्याशिवाय तो ढिम्म हलत नाही. पहिले काही दिवस माझं फार कौतुक झालं.

माझी खोड एकच. वेग घ्यायला मला अठरा सेकंद लागतात. कॉम्प्युटर दहा सेकंद थांबतो आणि पडद्यावर लिहून मोकळा होतो, 'बूट डिव्हाइस सापडले नाही.' बूट डिव्हाइस म्हणजे मीच! मेल्या, वीतभर केबलच्या टोकाला तर बसले आहे! शोधलंस कुठे?

आक्का कामावर येत होत्या तोवर सगळं सुरळीत होतं. आक्का इथली मुद्रितं तपासतात. त्या जन्मापासून अंध आहेत. त्या आधी मला चालू करायच्या, कान देऊन ऐकायच्या आणि माझी घरघर एकसुरी झाली की मगच कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या. नऊ वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. गेल्या आठवड्यात त्या आजारी पडल्या, यंत्र बंदच राहिलं आणि आज मी नव्या साहेबांच्या तावडीत सापडले.

आज दुपारी दोनला अंधशाळेतल्या आठ मुलांची वार्षिक परीक्षा होती. प्रश्नपत्रिका न्यायला शाळेचा शिपाई सकाळपासून दारात उभा. साहेबांनी सगळ्यांचं मिळून एकच बटण दाबलं. सापडले नाही. लगेच सगळं बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. अहो, मी कशीबशी उठते न उठते, तोच हा माणूस माझी वीज तोडायचा! असं अकरा वेळा केलं. मग माझ्या पाठीवर फाडकन थापड मारली.

"गेली ही कामातून. टाका भंगारात."

"आणि पोरांचा पेपर?" शिपायाने विचारलं.

"मी काय करू? देतील पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! जसं काही त्यांचं वर्ष याच्या बापाचं होतं! मला हात असते तर ती थापड तिथल्या तिथे परत केली असती.

शिपायाने गुपचूप आक्कांना फोन लावला. तासाभरात त्या आल्या, अंगात ताप घेऊन, भिंतीला धरत धरत. भंगाराच्या खोक्यातून त्यांनी मला काढलं, केबल जोडली, एकटीलाच चालू केलं आणि ऐकत राहिल्या.

"उगीच वेळ घालवताय तुम्ही," साहेब म्हणाले.

"गप्प बसा हो जरा! ऐकू येत नाहीये." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "हं, दाबा आता."

कॉम्प्युटरला मी दिसले. बघता बघता यंत्र खडखडू लागलं.

साहेब ओशाळले, पण नाक वरच. "हे कुठेतरी लिहून ठेवायचं ना!"

आक्कांनी त्यांचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला. तिथे नऊ वर्षांपासून एक पट्टी चिकटवलेली आहे.

"हे काय खरखरीत?"

"'आधी हिला चालू करा. आवाज स्थिर झाला की मग कॉम्प्युटर.' लिहूनच ठेवलंय, साहेब."

थापड बरोबर त्या पट्टीवरच बसली होती. ब्रेल छापखान्याचा साहेब, आणि ब्रेलचं एक अक्षर येत नाही!

दीड वाजता शिपाई प्रश्नपत्रिका घेऊन धावत सुटला. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणायला हवं. घ्या, म्हटलं. पण यापुढे कुणी तुम्हाला ठासून सांगितलं की 'सापडले नाही', तर त्याला एवढंच विचारा, "थांबला होतास किती वेळ?"